अभ्यासिकेत मास्कचा नियम करायचा आहे, नागपूरकरांचा सल्ला हवा

सदाफुली | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. दक्षिण नागपुरातल्या एका वाचनालयाच्या समितीवर मी कोषाध्यक्ष आहे. खाली वाचनालय, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. साठ खुर्च्या, सकाळी सहा ते रात्री अकरा. एमपीएससी, पोलीस भरती, रेल्वे, तलाठी अशा परीक्षांची मुलं-मुली येतात. बरीचशी गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडची, इथे खोली करून राहणारी.

गेल्या आठवड्यात आमच्या एका मुलाला टीबी निघाला. दीड महिना खोकत होता. परीक्षा जवळ आहे म्हणून अंगावर काढत राहिला, मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून पीत राहिला. आता गावी आहे, औषध सुरू झालंय. पण तो रोज दहा तास ज्या हॉलमध्ये बसायचा तिथे बाकीचे एकोणसाठ जणही बसत होते. दोघांच्या आईबाबांचे फोन आले. एका वडिलांनी तर विचारलं, "करोनात तुम्ही दारावर उभं राहून मास्क लावायला लावत होता ना, मग आता का नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

रविवारी समितीची बैठक आहे. नागपुरात आज बंद सार्वजनिक जागेत मास्कचा काही सरकारी नियम शिल्लक आहे का? नसेल तर आम्ही आमच्यापुरता करू शकतो का? आणि केला तर तो सगळ्यांना लावायचा की फक्त खोकणाऱ्यांना? समितीत दोन तट पडलेत. मला त्या पोरांची खरंच काळजी वाटते. अनुभव असेल त्यांनी लिहा.

कोर्टाची पायरी | सोमवार, रात्री १०:०५

ताई, आधी कायद्याचं सांगतो. सर्वांना लागू होईल अशी मास्कसक्ती आज नागपुरात नाही.

करोनात जी होती ती दोन कायद्यांच्या जोरावर. एक १८९७ चा साथरोग कायदा, जो मुळात मुंबईच्या प्लेगच्या वेळी आला, आणि दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. आदेश मोडला की भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम १८८ (आता ते भारतीय न्याय संहितेत २२३ झालंय). आपल्या मनपाचा दंड आधी २०० रुपये होता, सप्टेंबर २०२० मध्ये तो ५०० केला. २७ नोव्हेंबर २०२१ चा राज्य सरकारचा आदेश सगळ्यात कडक. बिनमास्कच्या माणसाला ५००, पण असं गिऱ्हाईक आत घेतलं तर दुकानाला १० हजार, आणि संस्थेनेच नियम धाब्यावर बसवले तर ५० हजार. नाकातोंडावर बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हेही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढे ३१ मार्च २०२२ ला मंत्रिमंडळाने सगळे निर्बंध उठवले आणि २ एप्रिलच्या गुढीपाडव्यापासून मास्क ऐच्छिक झाला.

त्यानंतरची एक गोष्ट बहुतेक लोक विसरलेत. जून २०२२ च्या सुरुवातीला रुग्ण वाढू लागले तेव्हा आरोग्य खात्याच्या अपर मुख्य सचिवांनी जिल्ह्यांना पत्र पाठवलं. रेल्वे, बस, सिनेमागृह, सभागृह, कार्यालयं, रुग्णालयं, शाळा-कॉलेज अशा बंद जागांत मास्क लावावा, असं त्यात होतं. इंग्रजी पत्रात 'मस्ट' हा शब्द पडला आणि दुसऱ्याच दिवशी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना सांगावं लागलं की ही सक्ती नाही, आवाहन आहे. ताई, हा फरक तुमच्या सूचना फलकावरही पाळा. 'आवाहन' आणि 'नियम' एकाच कागदावर एकत्र करू नका, लोक दोन्ही पाळत नाहीत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. जागा संस्थेची, सदस्यत्व संस्थेचं. समितीने ठराव करून वापराच्या अटीत मास्क घालता येईल. दंड मात्र लावू नका, तो अधिकार तुम्हाला नाही. अनुदान घेत असाल तर १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली तुमची नोंद असेल, तेव्हा ठराव इतिवृत्तात नीट लिहून ठेवा. आणि कोणत्या मुलाला टीबी झाला ते इतिवृत्तात नावानिशी लिहू नका. हे मी हात जोडून सांगतो.

नंदनवनचा नाना | सोमवार, रात्री १०:४०

ताई, काहून घाबरून राहिल्या? बरं केलं विचारलं ते. माझ्या लहान भावाले १९८४ मध्ये टीबी झाला होता. तवा घरात त्याची थाळी वेगळी, गिलास वेगळा, पोट्ट्याले अंगणात निजवलं. मोठं झाल्यावर समजलं का थाळी-गिलासानं काही होतच नाही, हवेतून होते. उलट अंगणात निजवलं म्हणूनच आम्ही वाचलो असं डॉक्टर म्हणत. चुकून बरोबर केलं आम्ही. पण त्या पोराचं मन मोडलं ते मोडलंच.

मास्क ठेवा. पण कोन्या पोराले येकटं पाडू नका बाप्पा.

शेवटची खुर्ची | मंगळवार, सकाळी ७:१५

मी दुसऱ्या एका अभ्यासिकेत बसतो, तीन वर्षं झाली. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. दहा तास मास्क लावून बसणं शक्य नाही. चष्म्यावर वाफ धरते, कानामागे चट्टे पडतात, दुपारनंतर डोकं जड होतं. करोनात आम्ही सगळे मास्क हनुवटीवर ठेवून बसायचो आणि सरांच्या पावलांचा आवाज आला की वर ओढायचो. नियम सगळ्यांना लावाल तर पुन्हा तेच होईल.

आणि मुलं का अंगावर काढतात तेही सांगतो. दवाखान्यात गेलं की अर्धा दिवस जातो. घरी कळवलं तर "परत ये" म्हणतात. एकदा गावी गेलं की परत पाठवत नाहीत, मुलींना तर नाहीच. त्यामुळे खोकला लपवला जातो. माझ्या शेजारची एक जण तोंडात लवंग धरून बसायची, खोकल्याचा आवाज येऊ नये म्हणून.

फुप्फुस | मंगळवार, दुपारी १:३०

छातीरोग डॉक्टर आहे, ओपीडी संपवून लिहितोय.

टीबीचे जंतू खोकताना, बोलताना बारीक कणांतून बाहेर पडतात. ते इतके हलके असतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. म्हणजे खोकणारा उठून गेला तरी हवा तीच राहते. बसमध्ये दहा मिनिटं शेजारी बसल्याने होणारा धोका आणि रोज दहा तास, दीड महिना एकाच हॉलमध्ये बसल्याने होणारा धोका यांची तुलनाच नको. तुमची काळजी रास्त आहे.

आता मास्क. लोक विचारतात उपयोग होतो का. मी उलट विचारतो, कोणाच्या तोंडावर? साधा तीन पदरी सर्जिकल मास्क निरोग्याने लावला तर कडेकडेने हवा आत येतेच. आजाऱ्याने लावला तर मात्र कण बाहेर पडतानाच बरेचसे अडतात, कारण तोंडाजवळ ते मोठे आणि ओले असतात. दक्षिण आफ्रिकेत यावर एक प्रयोग झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण एका वॉर्डात होते. त्या वॉर्डातली हवा दोन वेगळ्या कक्षांत सोडली, प्रत्येकात ९० गिनीपिग. रुग्णांनी दिवसाआड सर्जिकल मास्क लावायचा, मास्कच्या दिवसाची हवा एका कक्षात, बिनमास्कच्या दिवसाची दुसऱ्यात. बिनमास्कच्या कक्षात ६९ प्राण्यांना लागण झाली, मास्कच्या कक्षात ३६ जणांना. लागण जवळजवळ निम्म्यावर आली. पण ३६ जणांना झालीच, हेही विसरू नका.

निरोग्याला स्वतःला वाचवायचं असेल तर एन-९५ हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. धुवायचा नाही, धुतला की त्यातला विद्युतभार जातो आणि गाळण्याची ताकद संपते. पुढे झडप असलेला तर अभ्यासिकेत नकोच, आतला श्वास त्यातून न गाळता बाहेर येतो. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच त्याबद्दल राज्यांना लिहिलं होतं.

त्या मुलाबद्दल: औषध नीट लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना होणारा धोका खूप घटतो. उपचार सहा महिन्यांचा असला तरी सहा महिने त्याला बाहेर ठेवायची गरज नाही. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की खुर्ची परत द्या. त्याला अडवून ठेवू नका.

बाकीच्यांपैकी ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, रात्री घाम यातलं काही असेल त्यांनी थुंकीची तपासणी करावी. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मनपाचे दवाखाने, सगळीकडे मोफत आहे, औषधंही मोफत. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत महिन्याला पैसे मिळतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खोली करून राहणाऱ्या पोराला हा आकडा मोठा असतो, म्हणून मुद्दाम सांगितला. शक्य असेल तर जिल्हा क्षयरोग केंद्राला विनंती करून अभ्यासिकेतच तपासणी ठेवा.

सदाफुली | मंगळवार, दुपारी ४:१०

डॉक्टर, मनापासून आभार. "कोणाच्या तोंडावर" हा प्रश्न मी डायरीत लिहून घेतला. आमच्या बैठकीत आतापर्यंत फक्त "सक्ती की नाही" एवढंच चाललं होतं.

शेवटची खुर्ची, राग कसला. लवंगेचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे कोणी असं करत असेल का, हे मी आज वर जाऊन बघितलं. कळत नाही हो, सगळे मान खाली घालून बसलेले असतात.

इतवारीचा कापडवाला | मंगळवार, सायंकाळी ६:२५

दुकानदाराच्या बाजूने लिहितो. दुकानाला १० हजारांचा दंड म्हटल्यावर मी दारावर पोरगा उभा केला. लग्नसराई होती, लोक त्याच्याशी भांडायचे. "तू कोण सांगणारा?" म्हणायचे. एका आजोबांनी काठी उगारली. पोरगा रडकुंडीला आला, चार दिवसांत काम सोडतो म्हणाला.

मग माझ्या बायकोने सुचवलं की दारावर माणूस ठेवू नका, मास्कचा डबा ठेवा. तोवर सरकारने मास्कच्या किमती बांधून दिल्या होत्या, ऑक्टोबर २०२० मध्ये. दोन पदरी ३ रुपये, तीन पदरी ४ रुपये, एन-९५ दर्जानुसार १९ ते ४९. आधी जो तीन पदरी दहा-पंधराला घ्यायचो तो चारला मिळू लागला. शंभराचा डबा ठेवला, वर पाटी, "घ्या आणि लावा, पैसे नको." भांडण संपलं. लोक हसून घ्यायचे, लावायचे. बायाबापड्या तर दुपट्ट्याच्या आतून लावायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपट्टा बांधल्याशिवाय पोरी गाडीच काढत नाहीत, त्यांना चेहरा झाकायची सवय शिकवावी लागली नाही.

दिवसाला चारेकशे रुपये खर्च यायचा, माझ्या धंद्यात ते काहीच नाही. तुम्ही साठ जणांसाठी डबा ठेवाल तर रोजचा खर्च त्याहून कमीच. पहिले तीन डबे माझ्याकडून. खरंच सांगतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओठवाचक | मंगळवार, रात्री ८:५०

मला लहानपणापासून ऐकू येत नाही. शंकरनगरच्या मूक-बधिर शाळेपाशी घर होतं, तिथेच शिकलो. मी ओठ वाचून समजतो. मास्कचे ते दोन वर्ष माझ्यासाठी सगळं जग बंद झाल्यासारखे होते. बँकेत, औषधाच्या दुकानात, बसमध्ये समोरचा काय म्हणतोय काही कळायचं नाही. मी हाताने खूण करायचो तर लोकांना वाटायचं मी मास्क काढायला सांगून वाद घालतोय.

मास्कला माझा विरोध नाही, माझी आई दम्याची पेशंट आहे. एवढंच सांगायचं की नोंदणीच्या टेबलावर जो बसतो त्याच्यापुढे पाटी-पेन्सिल किंवा मोठ्या अक्षरांचा फोन ठेवा. तुमच्या साठ मुलांमध्ये कोणाला कमी ऐकू येत असेल तर तो सांगणार नाही. आम्ही सांगत नाही.

सदाफुली | मंगळवार, रात्री ९:३०

दादा, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. टेबलावर पाटी उद्याच ठेवते. नियम काहीही होवो.

खसताटी | बुधवार, सकाळी ११:४५

कूलर-एसीच्या दुरुस्तीत तेवीस वर्षं आहे. धागा सगळा वाचला. मास्कवर एवढं बोलणं झालं, पण ताई, तुमच्या हॉलमध्ये हवा येते कुठून आणि जाते कुठून?

सदाफुली | बुधवार, दुपारी १२:२०

पूर्वी दोन मोठे डेझर्ट कूलर होते. पावसाळ्यात चिकचिक व्हायची, पाणी भरायला माणूस मिळत नव्हता, डबक्यात डेंगूचे डास व्हायचे म्हणून मनपाची माणसंही येऊन सांगून गेली. यंदा मार्चमध्ये देणगी मिळाली म्हणून कूलर काढून चार स्प्लिट एसी लावले. खिडक्या सहा आहेत पण एसी चालावा म्हणून त्यांना आतून प्लॅस्टिक लावून बंद केलंय. मुलं खूष आहेत.

खसताटी | बुधवार, दुपारी २:००

तिथेच गाडं अडलंय, ताई. सविस्तर लिहितो, कारण या मोसमात असे कमीत कमी दहा हॉल मी स्वतः बघितलेत.

आपला नागपुरी कूलर बाहेरची हवा ओढतो. तीन बाजूंना ताट्या, त्यावरून पाणी, आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताटीतून खेचून आत फेकतो. म्हणून कूलर खिडकीत बसवायचा असतो आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं असतं. बंद खोलीत कूलर लावला की दहा मिनिटांत दमट होतं, हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे कूलर चालू होता तोवर तुमच्या हॉलची हवा सतत बदलत होती. मुलांचा श्वास समोरच्या खिडकीतून बाहेर जात होता.

स्प्लिट एसीचं काम वेगळं. भिंतीवरचा डबा खोलीतलीच हवा ओढतो, गार करून खोलीतच सोडतो. बाहेरच्या डब्याशी फक्त गॅसच्या नळ्या जोडलेल्या असतात, हवेची ये-जा त्यातून होत नाही. बाहेरची हवा शून्य. वरून तुम्ही खिडक्यांना प्लॅस्टिक मारलंय. साठ जण सकाळपासून रात्रीपर्यंत तीच हवा आत-बाहेर करताहेत. दुपारनंतर डोकं जड होतं असं शेवटच्या खुर्चीने लिहिलंय ना, त्यात मास्कचा दोष थोडा आणि कोंडलेल्या हवेचा बराच असू शकतो.

खात्री करायची असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मोकळ्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो. खोलीत हजाराच्या वर गेला की समजायचं हवा पुरेशी बदलत नाही. माझ्याकडे यंत्र आहे, शुक्रवारी संध्याकाळी आणून मोजून देतो. पैसे घेणार नाही.

फुप्फुस | बुधवार, दुपारी ३:१५

खसताटी, तुम्हाला नमस्कार. मी मास्कपाशीच थांबलो होतो, एसीचं विचारायला हवं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये सांगितलं की माणसं जमतात अशा खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा बदलेल असं बघा. मास्क हा त्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे.

खसताटी | बुधवार, दुपारी ४:४०

मग हिशोबच करून टाकू. ताई, हॉल किती बाय किती?

सदाफुली | बुधवार, सायंकाळी ५:०५

तीस बाय वीस फूट, उंची दहा.

खसताटी | बुधवार, सायंकाळी ५:३०

सहा हजार घनफूट हवा. पाच वेळा म्हणजे तासाला तीस हजार, मिनिटाला पाचशे. एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर त्याची क्षमता छापलेली असते. बाराइंची दोन घ्या, क्षमता पाचशेच्या बरीच वर जाईल, कारण छापलेला आकडा प्रत्यक्षात कधीच पूर्ण मिळत नाही. दोन्ही एकाच भिंतीला, वरच्या बाजूला. समोरच्या भिंतीच्या दोन खिडक्यांचं प्लॅस्टिक काढून तिथे डासांची जाळी. हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे, नाहीतर पंखा जवळचीच हवा फेकत बसतो. एसीचं बिल वाढेल हे आधीच सांगतो. तापमान बावीसवर लावत असाल तर सव्वीसवर आणा, वर छताचा पंखा फिरवा, बराच फरक भरून निघेल.

शेवटची खुर्ची | बुधवार, रात्री ९:००

आमच्या अभ्यासिकेतही चार स्प्लिट आणि सगळ्या खिडक्या बंद. आज दुपारी मी उठून एक खिडकी उघडली. पाच मिनिटांत मागून कोणीतरी लावली. "गरम होते बे" म्हणाला.

रानजाई | बुधवार, रात्री ११:३५

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मला २०२२ मध्ये टीबी झाला होता. मीही तेव्हा नागपुरात भरतीची तयारी करत होते, एका अभ्यासिकेत जायचे (नाव लिहिणार नाही). औषध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी लेखी दिलं की आता जाऊ शकते. मी काळजी म्हणून मास्क लावून गेले. तोवर मास्क सगळ्यांनी काढलेले होते, गुढीपाडवा होऊन गेला होता. साठ-सत्तर जणांत मी एकटी मास्कवाली. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. तिसऱ्या दिवशी चालकांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, तुम्ही पूर्ण बऱ्या झाल्या की या, फी परत देतो." मी डॉक्टरांचा कागद दाखवला, त्यांनी हातात घेतला नाही. टेबलावर ठेवा म्हणाले.

मी खोलीवर बसून अभ्यास केला. त्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षी झालं. आज नोकरीत आहे.

ताई, "फक्त खोकणाऱ्याने मास्क लावायचा" हा नियम डॉक्टरांच्या दृष्टीने बरोबर असेल. पण ज्याला लावायचाय त्याच्या जागी बसून बघा. मास्क लावला की मी आजारी असं सगळ्यांना ओरडून सांगितल्यासारखं होतं. मग तो लवंग तोंडात धरेल पण मास्क लावणार नाही. करोनात सगळ्यांनी लावला होता तेव्हा निदान कोणाकडे बोट जात नव्हतं.

नंदनवनचा नाना | गुरुवार, सकाळी ६:१०

पोरी, वाचून झोप नाही लागली. नोकरी लागली हे वाचून बरं वाटलं.

कोर्टाची पायरी | गुरुवार, सकाळी १०:२०

रानजाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा मसुदा फाडला. मी ताईंना पाठवलेल्या ठरावात "खोकला असणाऱ्या सदस्याने मास्क वापरणे बंधनकारक राहील, अन्यथा प्रवेश नाकारण्यात येईल" असं वाक्य होतं. तुमच्यासारख्या मुलीला तेच वाक्य दाखवून परत पाठवलं असतं.

फुप्फुस | गुरुवार, दुपारी २:०५

मीही विचार करतोय. आमच्या ओपीडीत बाहेर बसलेल्या प्रत्येकाला आम्ही मास्क देतो, खोकला असो वा नसो. कारण सांगत नाही, कोणी विचारतही नाही. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. अभ्यासिकेत दहा तास सगळ्यांना लावणं जमणार नाही, हे मान्य. पण आजपासून एक महिना, बाकीच्यांच्या तपासण्या होईपर्यंत, आणि समितीच्या लोकांनी स्वतःही लावायचा, असं केलं तर? मुदत ठरलेली असेल तर मुलं सोसतील. पाणी प्यायला, डबा खायला बाहेर व्हरांड्यात जातातच, तेवढा मोकळा श्वास मिळेल.

शेवटची खुर्ची | गुरुवार, दुपारी ३:३०

महिनाभर आणि कारण सांगून असेल तर मी लावेन. "वरून आदेश आहे" म्हणाल तर हनुवटीवर.

सदाफुली | शुक्रवार, रात्री ९:५५

खसताटीभाऊ संध्याकाळी येऊन गेले. हॉलमध्ये त्रेचाळीस मुलं होती. यंत्रावर २३००. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं, मग व्हरांड्यात नेलं तर ४३०. मुलं अभ्यास सोडून भोवती जमली. एकाने विचारलं, "म्हणजे आम्ही एकमेकांचाच श्वास घेऊन राहिलो का?" भाऊ हो म्हणाले. मग त्यांनी तिथेच दोन खिडक्यांचं प्लॅस्टिक फाडलं, दार उघडलं. वीस मिनिटांत आकडा ९०० वर आला. कोणी गरम होतंय म्हणालं नाही. निदान आज तरी.

सदाफुली | रविवार, रात्री १०:३०

बैठक झाली, तीन तास चालली. काय ठरलं ते लिहिते.

दोन एक्झॉस्ट उद्या आणायचे, सहापैकी तीन खिडक्यांना जाळी. एसी सव्वीसवर. पैसे वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातून वळवले, यंदा पाहुणे नकोत, चहा पुरे. यावर एक जण नाराज झाले, पण त्यांनीही सही केली.

मास्क एक महिना, सगळ्यांना, आम्हा समितीच्या लोकांनाही. त्यानंतर दारावर डबा कायम राहील, ज्याला घ्यायचा तो घेईल, कोणी कोणाला कारण विचारायचं नाही. ठरावात "प्रवेश नाकारण्यात येईल" हे शब्द नाहीत. वकीलसाहेबांनी त्या जागी लिहून दिलं की दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या सदस्याला तपासणीसाठी समिती मदत करेल आणि उपचाराच्या काळात त्याची खुर्ची व फी राखून ठेवली जाईल. रानजाई, ही ओळ तुमच्यामुळे आली. बैठकीत मी तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, टोपणनावही घेतलं नाही. आमचे अध्यक्ष ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, त्या मुलाला आत्ताच फोन लावा.

लावला. त्याच्या आईने उचलला. तुमची खुर्ची ठेवली आहे एवढंच सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग त्याला दिला. तो फारसं बोलला नाही, खिडकीजवळची मिळेल का विचारलं.

रानजाई | रविवार, रात्री ११:१०

ताई, त्याला खिडकीजवळचीच द्या.

इतवारीचा कापडवाला | सोमवार, सकाळी ९:४०

डबे तयार आहेत, पोरगा दुपारी आणून देईल. पत्ता व्यनि केला तर बरं.

सदाफुली | सोमवार, सकाळी ९:५५

केला. मंगळवारी बारा वाजता तपासणीची गाडी येतेय, त्याआधी पोचले तर उत्तम. आणि मंडळी, जाळी बसवणारा कोणी ओळखीचा असेल तर सांगा, मानेवाड्याकडे येणारा हवा. इथला शनिवारशिवाय मोकळा नाही म्हणतोय.